पहिला मान कुणाचा?

जुलै सरत आला की पीक विम्याचे अर्ज भरायला नांदगाव खंडेश्वरात सेवा केंद्रांपुढे सातबारे घेऊन रांगा लागतात. अशाच एका सकाळी एका केंद्रातला संगणक काळ्या पडद्यावर अडला: 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड'.

"काल तं चांगला चालू होता ना भाऊ, आज काय झालं याले?" रांगेतले काका म्हणाले.

आदल्या रात्री जुनी हार्डडिस्क तशीच ठेवून नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं होतं. सकाळी खडखडते म्हणून जुनी काढली, एवढंच.

पोळ्याला तोरणाखालून आधी मानाची जोडी जाते. संगणकातही सुरू होताना, म्हणजे बूट होताना, आधी कुठे पाहायचं याचा मान ठरलेला असतो. 1981च्या आयबीएम पीसीत तो फ्लॉपीचा; ती नसेल तर रॉममधलं बेसिक उघडायचं. 1983मध्ये आयबीएमचाच एक्सटी 10 एमबीची हार्डडिस्क घेऊन आला, तरी आधी फ्लॉपीलाच विचारायची रीत सुटली नाही. बूट सेक्टरचे व्हायरस ड्राइव्हमध्ये विसरलेल्या फ्लॉपीतूनच शिरले. 1984च्या एटीपासून सेटिंग बॅटरीवर जपलं जाऊ लागलं. आपल्याकडे लाइन गेली की सगळा भार त्या बटणाएवढ्या सेलवर. तो मेला की तारीखही मागे जाते आणि ठरवलेला क्रमही पुसला जातो.

आयडीई डिस्कचा चपटा पट्टा 40 पिनांचा. एका पट्ट्यावर दोन डिस्क, मास्टर कोण नि स्लेव्ह कोण हे नखाएवढ्या जंपरवर. 2003मध्ये साटा आली, जंपर गेला. पण तालुक्याच्या गावात जुनं लगेच कोण फेकतं? एकाच सीपीयूत (इकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात) दोन्ही नांदू लागल्या. खरी मेख इथे आहे. बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत नुसतं 'हार्डडिस्क' लिहिलेलं. त्यातली आधी कोणती, याची यादी बऱ्याच बोर्डांत आतल्या पानावर वेगळीच. नवी डिस्क जोडली की ती गुपचूप बदलते, आणि बाहेरची यादी दहादा तपासूनही काही सापडत नाही.

या केंद्रात मात्र यादी ठीक होती. जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांपैकी 446 सुरुवातीच्या कोडला मिळतात. तो पुढच्या फाइलींकडे बोट दाखवतो. विंडोज टाकताना दोन डिस्क जोडलेल्या असल्या, तर विंडोज नवीवर बसतं आणि बूटच्या फाइली पुष्कळदा मानाच्या जुन्या डिस्कवरच राहतात. म्हणजे तिजोरी नव्या घरात, किल्ली जुन्या वाड्यात. म्हणून विंडोज टाकताना बाकीच्या डिस्कच्या वायरी काढून ठेवाव्यात.

जुनी डिस्क परत जोडली, पडदा उजळला, काकांचा अर्ज गेला. रात्री एकटी एसएसडी ठेवून तिच्यावर बूटच्या फाइली नव्याने लिहिल्या, तेव्हा कुठे म्हातारी सुटली.