कोऱ्या अग्रलेखाचे कूळ

२८ जून १९७५ च्या ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अग्रलेखाची जागा कोरी होती. त्याच सुमारास ‘स्टेट्समन’नेही कोरी जागा सोडली. आणीबाणीवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण या रिकाम्या चौकटीपाशी थांबतो, संपादकांना शाबासकी देतो आणि पुढे जातो. ती चौकट आली कुठून, असे कोणी विचारलेच तर बोट युरोपकडे जाते: पहिल्या महायुद्धात फ्रेंच वृत्तपत्रांत अशा पांढऱ्या जागा असत, तिथूनच आपण हे उचलले. हे उत्तर मला पटत नाही. माझ्या मते कोरा अग्रलेख हे हरताळाचे अपत्य आहे. कोणत्या हरताळाचे, दुकाने बंद ठेवण्याच्या की पोथीत अक्षरावर फासण्याच्या? दोन्ही हरताळांचे, असे माझे उत्तर आहे, आणि तेच सिद्ध करण्याचा हा खटाटोप.

जुनी हस्तलिखिते पाहताना ओळीत मध्येच पिवळा डाग दिसतो. लेखनिकाचा हात चुकला की तो काट मारत नसे. हरताळ, म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज, बारीक खलून डिंकाच्या पाण्यात कालवायचे आणि चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप द्यायचा. लेप वाळला की त्यावरच बरोबर अक्षर लिहायचे. हरताळ विषारी असल्याने कसरही त्याच्या वाटेला जात नसे. काही पोथ्यांचे कागदच त्यासाठी हरताळाने रंगवलेले असतात. तशा पिवळ्या कागदावर दुरुस्ती लपते. साध्या कागदावर मात्र ती लपायची सोडून चुगली करते. इथे काहीतरी होते आणि कोणीतरी ते घालवले, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. ‘हरताळ फासणे’ आले ते इथून. ‘तत्त्वांना हरताळ फासला’ हे शब्द गेली कित्येक वर्षे मराठी अग्रलेखांतून सुखाने नांदत आहेत. अग्रलेख आणि हरताळ यांची ही शेजारपाजारची ओळख पाहूनच मी या शोधाला लागलो.

आता दुसरा हरताळ, बाजार बंद ठेवण्याचा. व्युत्पत्तीची पुस्तके त्याचा पहिल्या हरताळाशी काही संबंध मानत नाहीत. त्यांच्या मते हा शब्द ‘हट्ट’ म्हणजे बाजार किंवा दुकान, आणि ‘ताल’ म्हणजे टाळे, यांपासून झाला. हाटाला टाळे लागले, झाली हडताल. गुजरातीत ‘हडताळ’, हिंदीत ‘हड़ताल’. ही व्युत्पत्ती चोख आहे आणि मी तिच्याशी भांडत नाही. माझे भांडण आहे ते मराठीतल्या ‘र’वरून.

हिंदीत जिथे ‘ड़’ आहे तिथे मराठीत काय दिसते ते पाहा. तिथला घोड़ा तो आपला घोडा, सड़क ती सडक, पकड़, गड़बड़, मारवाड़ी, सगळीकडे ‘ड’ शाबूत राहिला. गुजरातीत तर मुळातच ‘ड’ आहे आणि मुंबईच्या बाजारात मराठी माणूस तो शब्द रोज ऐकत होता. मग ‘हडताळ’ म्हणायला मराठी जिभेला अडचण कसली? तरी आपण म्हणतो ‘हरताळ’. मला याचे एकच कारण दिसते. मराठी घरात ‘हरताळ’ हा शब्द आधीपासून होता, त्याचा अर्थ ‘असलेले नाहीसे करणे’ असा सर्वांना ठाऊक होता, आणि बाजारातून नवा शब्द आला तेव्हा जुन्याने त्याला आपल्याकडे ओढून घेतले. दुकानाच्या फळ्या लागल्या म्हणजे बाजार पुसला गेला. अर्थ जुळत होता, ध्वनी जुळवून घेतला. हिंदीची साक्ष इथे महत्त्वाची आहे. तिथे खनिजाला ‘हरताल’ म्हणतात आणि बंदला ‘हड़ताल’. दोन्ही शब्द वेगळे राहिले. मराठीने त्यांचे लग्न लावून दिले.

यावर आक्षेप दोन. पहिला असा की ‘ड़’ आणि ‘र’ यांचे उच्चारस्थान जवळचे, ऐकणाऱ्याच्या कानात गल्लत होऊ शकते. होऊ शकते, पण मग ती एकाच शब्दात का झाली? घोड्याचा कोणी घोरा केला नाही. दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे: इंग्रजी वृत्तपत्रे हा शब्द ‘हर्ताल’ असा छापत, मराठी पत्रांनी तो तिथून घेतला. पण इंग्रजी छापातून ‘ळ’ येत नाही. ‘ळ’ एक तर गुजराती पेढीवरून आला किंवा आपल्या पोथीतून, आणि दोन्ही वाटा माझ्याच घराकडे येतात.

एकदा हे मान्य केले की भारतीय वृत्तपत्रांचा इतिहास थोडा वेगळा दिसू लागतो. १७८० चे हिकीचे गॅझेट, १७९९ ची वेलस्लीची पूर्वतपासणी, १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा, टिळकांवरचे खटले, हे टप्पे सर्वांना पाठ आहेत. या यादीत कडेला पडलेली एक घटना मला मध्यभागी आणायची आहे. १८२३ मध्ये वृत्तपत्रांसाठी सरकारी परवाना सक्तीचा झाला, तेव्हा राममोहन रॉय यांनी परवाना मागण्याऐवजी आपले फारसी पत्र ‘मिरात-उल-अखबार’ बंद केले. सरकारने ते बंद पाडले नव्हते. मालकाने स्वतःच्या हाताने दुकानाच्या फळ्या लावल्या. भारतीय वृत्तपत्राचा पहिला हरताळ मी हाच मानतो.

पुढे छापखाना आणि बाजार एकमेकांच्या मदतीला येत राहिले. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना ‘केसरी’तल्या लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. अग्रलेखाला झालेल्या शिक्षेचे उत्तर शहराने बंद पाळून दिले. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध हरताळ झाला. त्याच दिवशी मुंबईत गांधीजींनी बंदी असलेली पुस्तके विकली आणि लगेच दुसऱ्या दिवशी नोंदणी न करता ‘सत्याग्रही’ हे पत्रक काढले. ८ ऑगस्ट १९४२ च्या गवालिया टँकवरच्या भाषणात त्यांनी पत्रकारांना सांगितले ते याच ओळीतले होते: सरकारच्या हातातले बाहुले होण्यापेक्षा पत्र बंद पडलेले बरे.

यानंतर चिमूर. चांदा जिल्ह्यातल्या या गावात ऑगस्ट १९४२ मध्ये उठाव झाला आणि तो मोडताना लष्कर-पोलिसांनी केलेल्या अत्याचारांच्या, विशेषतः स्त्रियांवरच्या अत्याचारांच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी चौकशीसाठी उपोषण सुरू केले. सरकारने त्या उपोषणाची बातमी छापण्यावरच बंदी घातली. तेव्हा देशभरच्या संपादकांच्या परिषदेने ठरवले की गव्हर्नमेंट हाउसची परिपत्रके आणि नववर्षाची पदव्यांची यादी छापायची नाही, आणि ६ जानेवारी १९४३ रोजी वृत्तपत्रेच काढायची नाहीत. त्यांनी या दिवसाला नाव दिले हरताळ. एक बातमी पुसणाऱ्या सरकारला संपादकांनी सरकारच्याच बातम्या पुसून उत्तर दिले. ६३ व्या दिवशी, १२ जानेवारीला, भन्साळींचे उपोषण सुटले आणि त्या बातमीवरची बंदीही उठली. पोथीतला हरताळ आणि पेठेतला हरताळ एकाच लढ्यात, एकाच हेतूने वापरला गेल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता फ्रान्सवाल्यांचे ऐकू. युरोपात सेन्सॉरची खिल्ली उडवण्याची परंपरा जुनी आहे. हाइनेने १८२७ च्या पुस्तकात एक प्रकरण नुसत्या रेघांनी भरले आणि त्यांत मोजके शब्द ठेवून सेन्सॉरला मूर्ख ठरवले. १९१४ ते १९१८ या काळात पॅरिसच्या पत्रांत छपाईच्या साच्यावरून ओळी खरवडून काढल्या जात आणि तिथे पांढरे पट्टे उमटत. क्लेमांसोने तर आपल्या ‘मुक्त माणूस’ नावाच्या पत्राचे नाव चिडून ‘साखळदंडातला माणूस’ केले. तोच क्लेमांसो १९१७ मध्ये पंतप्रधान झाला आणि त्याने सेन्सॉर चालूच ठेवला. विरोधात असताना कोरी जागा शोभते, सत्तेत आल्यावर खुपते. ही गोष्ट सगळ्या देशांत सारखी.

पण फ्रेंच पांढरा पट्टा ही जखम आहे. लेख होता, तो कापला, भोक उरले. भोक कुठे पडणार हे सेन्सॉर ठरवणार. १९७५ ची चौकट तशी नाही. तिच्यात आधी काही छापून मग खरवडलेले नव्हते. जागा संपादकाने निवडली, आणि निवडली तीही पत्राचे स्वतःचे मत जिथे येते नेमकी ती. बाजार चालू ठेवून एकच दुकान बंद ठेवावे तसे हे झाले. सबंध पत्र बंद ठेवले असते तर सरकारला ते हवेच होते; २५ जूनच्या रात्री दिल्लीच्या बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज त्यासाठीच तोडली गेली होती. म्हणून हरताळ आक्रसून अग्रलेखाएवढा झाला.

१९४२-४३ आणि १९७५ यांना जोडणारा माणूसही समोर आहे. ‘इंडियन एक्सप्रेस’चे मालक रामनाथ गोएंका यांनी १९४२ च्या लढ्यात ब्रिटिशांच्या सेन्सॉरखाली छापण्यापेक्षा आपले पत्र बंद ठेवले होते. तेहतीस वर्षांनी त्यांच्याच पत्रात कोरी चौकट आली. फ्रान्सच्या समर्थकांनी असा एखादा दुवा दाखवावा, मी ऐकून घेईन.

चौकटीचा परिणाम काय झाला, हे सरकारच्या वागण्यावरून कळते. सेन्सॉरच्या पुढच्या सूचनांत अग्रलेखाची जागा कोरी सोडायची नाही असे आले, आणि ती थोर पुरुषांच्या अवतरणांनी भरायची नाही असेही आले, कारण कोऱ्या जागेऐवजी काही पत्रे गांधीजी आणि रवींद्रनाथ छापू लागली होती. मजकूर पुसण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला, पण पुसल्याची खूण दिसता कामा नये असे ठरवले. पिवळ्या कागदावर पिवळा लेप.

तरी खुणा उमटत राहिल्या. मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छोट्या जाहिरातींमध्ये लोकशाहीच्या निधनाची बातमी एका कुटुंबातल्या माणसाच्या नावाने छापून आली आणि तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटली. पुण्यात यदुनाथ थत्त्यांच्या ‘साधना’ने कारवाई सोसली. मिनू मसानींनी आपल्या मासिकातला मजकूर रोखणाऱ्या सेन्सॉरला मुंबई उच्च न्यायालयात खेचले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये अपिलातही जिंकले. डिसेंबर १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत लेखनस्वातंत्र्याचा विषय काढला. पत्रांनी जे छापायचे नव्हते ते मांडवात बोलले गेले.

कोऱ्या अग्रलेखाने सरकार पाडले असे मी म्हणणार नाही. मार्च १९७७ मध्ये इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या त्यामागे तुरुंग होते, सक्तीची नसबंदी होती. इंग्रजी अग्रलेख वाचणारे मतदार असे कितीसे होते? पण त्या चौकटीने एक काम केले. तिने शेजारच्या भरलेल्या रकान्यांवर संशय निर्माण केला. जे छापले जात नाही ते महत्त्वाचे असते, हे एकदा वाचकाला कळले की छापलेल्यावरचा विश्वास उडतो. माणसे बीबीसी लावतात, कट्ट्यावरच्या बोलण्याला कान देतात. जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर करणाऱ्या सरकारपर्यंत लोकांचे खरे मत पोहोचवणारे कोणी उरले नव्हते, कारण त्या माणसांची तोंडे त्यानेच बंद केली होती. वृत्तपत्रे लोकमत घडवतात हे सगळेच सांगतात. ती लोकमत सत्तेपर्यंत पोहोचवतात हे सत्ता नेहमी विसरते.

कोरी चौकट नंतरही दिसली. नोव्हेंबर २०१५ मध्ये नागालँडच्या पत्रांनी आसाम रायफल्सच्या सूचनेविरुद्ध ती सोडली. १६ नोव्हेंबर २०१७ रोजी ‘राजस्थान पत्रिके’ने राज्य सरकारच्या वादग्रस्त विधेयकाविरुद्ध सोडली. मार्च २०१९ मध्ये श्रीनगरच्या पत्रांनी आपल्यातल्या दोघांच्या सरकारी जाहिराती थांबवल्या म्हणून पहिले पानच कोरे ठेवले. सेन्सॉरची कात्री जाऊन जाहिरातींची थैली आली, हत्यार मात्र तेच राहिले.

हे हत्यार रोज वापरता येत नाही, आणि ते प्रत्येकाच्या हातात चालतही नाही. ज्या पत्राच्या अग्रलेखाची वाचक सकाळी वाट पाहतो, त्याच पत्राची कोरी जागा बोलते. जिथे भरलेला अग्रलेखही कोणी वाचत नाही, तिथे कोरा सोडला तर ती छपाईतली चूक वाटेल.

शेवटी एक विनंती. तुमच्या माळ्यावर जानेवारी १९४३ चे किंवा १९७५-७६ चे मराठी अंक पडलेले असतील तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. त्यांत कुठे कोरी चौकट आहे का ते आधी पाहा आणि अंक जवळच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाकडे सोपवा.