‘करमत नाही’ला इंग्रजीत काय म्हणायचे?

१९७९ च्या जूनमध्ये मी पाचवीत गेलो आणि इंग्रजी विषय सुरू झाला. त्या काळी महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासूनच असे. बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे गुरुजी निजामी राजवटीत शिकलेले. फळ्यावर ‘रिग्रेट’ लिहिले की त्यांच्या तोंडून आधी ‘अफसोस’ निघे आणि मग ‘खंत’. आम्हांला ती त्यांची लकब वाटे. पुढे या विषयाचे वाचन करू लागलो तेव्हा कळले, की त्या लकबीत आमच्या जिल्ह्याच्या शिक्षणाचा इतिहास होता.

हैदराबाद संस्थानात १८८४ मध्ये फारसी जाऊन उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. इंग्रजी तिथे एक सक्तीचा विषय म्हणून शिकवत. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे काम मौलवी अब्दुल हक बरीच वर्षे औरंगाबादेतून पाहत होते. त्यांच्या संपादनाखालचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्या-मुंबईकडची स्थिती निराळी होती. तिकडे थॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ पासून उपलब्ध होता, आणि पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवली. म्हणजे पुण्याचा मुलगा मराठीतून थेट इंग्रजीकडे जाई. बीडचा मुलगा वरच्या वर्गात गेला, की त्याला वाटेत उर्दूचा मुक्काम करावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात सामील झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि तो मुक्काम संपला. आमचे गुरुजी मात्र मनाने अधूनमधून तिथे थांबत.

या मुक्कामाने एक गोष्ट बिघडवली नाही, हे आज लक्षात येते. मराठीत ‘मला भीती वाटते’, उर्दूत ‘मुझे डर लगता है’. दोन्ही भाषांत भीती ही माणसाकडे येणारी गोष्ट आहे. राग येतो, आनंद होतो, दुःख होते, कंटाळा येतो. ‘मी घाबरतो’, ‘मी चिडलो’, ‘ती रुसली’ असेही आपण म्हणतो. पण ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये आपल्या जिभेवर अधिक. इंग्रजीत आल्यावर मुलाला अचानक कर्ता व्हावे लागते. ‘आय लाइक’, ‘आय फियर’, ‘आय हेट’. पाचवीत मी ‘टू मी फियर कम्स’ असे लिहिले होते. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, “बरोबर विचार केलास, फक्त इंग्रजाला तसं कळत नाही.”

गंमत अशी, की इंग्रजालाही एके काळी तसे कळत होते. जुन्या इंग्रजीत ‘लाइक’ या क्रियापदाचा पूर्वज ‘रुचणे’ या अर्थाने चाले. म्हणजे राजाला भेट रुचली, अशी वाक्याची ठेवण. मधल्या काही शतकांत ती बदलली आणि ज्याला रुचते तोच कर्ता झाला. ‘मला वाटते’ या अर्थाचे ‘मीथिंक्स’ शेक्सपिअरच्या काळापर्यंत टिकले. तेव्हा आमच्या मुलांची चूक ही अडाणीपणाची नसून वाक्याच्या एका जुन्या ठेवणीची आहे.

आता समानार्थी शब्दांकडे येऊ. शब्दांच्या याद्या पाठ करण्याची आपली सवय जुनी आहे. पाठशाळांतून मुले अमरकोश मुखोद्गत करीत. पण अमरकोश हा मुख्यतः नामांचा कोश आहे. कमळ, पंकज, सरोज यांपैकी कोणताही शब्द वाक्यात बसवा, वाक्य जागचे हलत नाही. क्रियापदाचे तसे नाही, आणि भावना सांगणाऱ्या क्रियापदाचे तर मुळीच नाही. ‘फियर’, ‘ड्रेड’, ‘स्केअर’ हे शब्द वहीत एका ओळीत लिहिले, की मूल त्यांना सारखे समजते. पण ‘आय फियर द डॉग’मधला ‘फियर’ काढून ‘स्केअर’ ठेवला तर कुत्राच घाबरतो! कुत्र्याची भीती सांगायची तर ‘द डॉग स्केअर्स मी’ म्हणावे लागते. ‘लाइक’ आणि ‘प्लीज’ यांचेही तेच. शिवाय ‘ड्रेड’ हे पुढे येणाऱ्या गोष्टीचे भय. समोर उभ्या कुत्र्यापेक्षा उद्याच्या परीक्षेला ते अधिक शोभते. १८५२ मध्ये पीटर मार्क रॉजे यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश निघाला. त्यांनी शब्द कल्पनेनुसार शेजारी शेजारी बसवले. शेजारी म्हणजे सारखे नव्हेत, हे मात्र आपल्या वह्यांत उतरले नाही.

२००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली. सहा वर्षांचे मूल ‘हॅपी’, ‘सॅड’, ‘अँग्री’ म्हणू लागले, ही चांगलीच गोष्ट. पण पुढच्या इयत्तांत पुन्हा यादी आणि पाठांतर. मराठीतले आवडणे, रुचणे, भावणे, पटणे यांतला फरक ज्या मुलाला कोणी न शिकवता कळतो, त्याच मुलाला इंग्रजीतले तसले फरक समजणार नाहीत, असे आपण गृहीत धरतो.

आमच्या जिल्ह्यात हे केवळ व्याकरणाचे प्रकरण राहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. काही मुले आई-बापांबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. मागे राहिलेल्या अशा एका मुलाला मी विचारले, “कसं वाटतं रे इथं?” तो म्हणाला, “करमत नाही.” मग त्याला हेच इंग्रजीत विचारले. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “आय ॲम सॅड.”

चुकले काहीच नव्हते. पण त्याचे वाक्य हरवले होते. ‘करमत नाही’ म्हणजे दुःख नव्हे. ‘आय मिस माय मदर’ जवळचे आहे, पण त्यात कुणाचे तरी नाव घ्यावे लागते. करमत नाही तेव्हा कधी कधी कुणाचेच नाव घेता येत नाही; दिवस सरत नाही, एवढेच असते. ‘आय फील लोन्ली’ म्हणावे, तर आजूबाजूला चाळीस मुले असतात.

मला सुचते ते एवढेच. भावनांच्या क्रियापदांचा धडा यादीपासून सुरू करू नये, मुलाच्या वाक्यापासून करावा. आधी त्याला मराठीत सांगू द्यावे. मग दोन-तीन इंग्रजी वाक्ये समोर ठेवून कोणते किती जवळ येते, हे त्यालाच ठरवू द्यावे. आमचे गुरुजी ‘रिग्रेट’साठी अफसोस आणि खंत असे दोन शब्द देत आणि विचारत, “तुझं कोणतं?” त्यांच्याकडे पद्धतीचे नाव नव्हते. प्रश्न मात्र बरोबर होता.