परळची प्रयोगशाळा आणि वंध्यत्वावरच्या परिषदा

नोव्हेंबर 1952 मध्ये मुंबईत कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. धन्वंती रामा राव आणि मार्गारेट सँगर या तिच्या अग्रणी होत्या. ज्या विचारापायी र. धों. कर्वे यांना प्राध्यापकी गमवावी लागली, त्याला आता व्यासपीठ मिळाले. पुढे 1954 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत गर्भनिरोधकांच्या तपासणीसाठी केंद्र उघडले. परळची प्रजनन संशोधन संस्था त्यातूनच वाढली. मूल न होणे हा प्रश्न मात्र त्या काळच्या चर्चेत मागेच राहिला. बुलढाण्याच्या घाटाखालच्या वडनेर भोलजीसारख्या गावांतच काय, शहरांतही दोष बाईच्याच माथी मारला जाई; नवस-उपास आणि अखेर सवत. पुरुषाची तपासणी कुणाच्या मनातही येत नसे.

25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमध्ये जगातील पहिली टेस्टट्यूब बेबी जन्मली आणि 3 ऑक्टोबरला कोलकात्यात दुसरी. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन एकाहून अधिक स्त्रीबीजे मिळवली होती आणि भ्रूण गोठवून नंतर गर्भाशयात सोडला होता. आज जगभर रूढ असलेली ही पद्धत तेव्हाच्या सरकारी चौकशी समितीला पटली नाही. जपानमधून व्याख्यानाचे निमंत्रण आले, पण जाण्याची परवानगी नाकारण्यात आली. जाणकारांसमोर काम मांडण्याची वाट अशी बंद झाली, आणि या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय हाच होता. 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा या टेस्टट्यूब बेबीचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या या यशात परळच्या संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार सहभागी होते. गर्भनिरोधनासाठी उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेने गर्भधारणेला हात दिला, हे विशेषच. नोंदी चोख असल्याने हे काम शंकेला पुरून उरले आणि भारतातील पहिलेपणाचा मान मुंबईकडे आला.

तो मान परत केला आनंदकुमार यांनीच. 1997 मध्ये कोलकात्याला गेले असता मुखोपाध्याय यांची टिपणे त्यांच्या हाती आली. ती तपासून त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहिला आणि पहिलेपणाचे श्रेय मुखोपाध्याय यांना दिले. स्वतःच्या नावावरचा विक्रम असा सोडणारे शास्त्रज्ञ विरळाच.

दरम्यान 1991 मध्ये वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची ‘इसार’ ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या परिषदांना स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर प्रयोगशाळेत भ्रूण सांभाळणारे भ्रूणतज्ज्ञही येतात. उपचार मोठ्या शहरांबाहेर पसरले, तरी कायदा यायला फार उशीर झाला. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा 2021 मध्ये संमत होऊन जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्यानुसार उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 असावे लागते, आणि नोंदणी नसलेल्या क्लिनिकला हे उपचार करता येत नाहीत.