कॅमेरा नवा, फोन तोच

मिक्सरचं भांडं गळायला लागलं तर आपण नवं वायसर टाकतो, मिक्सर भंगारात देत नाही. मोबाइलची बॅटरी बसली की मात्र घरात सगळे म्हणतात, आता नवाच घे. याला उत्तर शोधायचा प्रयत्न झाला, त्याची ही हकीकत.

२०१३ मध्ये डेव्ह हॅकेन्स या डच तरुणाने ‘फोनब्लॉक्स’ची कल्पना मांडली. मुलांच्या ठोकळ्यांसारखे फोनचे सुटे भाग. बिघडेल तो काढा, दुसरा लावा. गूगलने अशाच फोनवर ‘प्रोजेक्ट आरा’ नावाने काम केलं आणि २०१६ मध्ये ते गुंडाळलं.

टिकली ती ॲमस्टरडॅमची ‘फेअरफोन’ ही लहानशी कंपनी. तिने सगळंच सुटं करायचा हट्ट धरला नाही. जे जास्त बिघडतं किंवा जुनं होतं, तेवढंच सुटं ठेवलं. २०१५ च्या फेअरफोन २ ची स्क्रीन नुसत्या हाताने निघायची. २०१९ च्या फेअरफोन ३ बरोबर खोक्यात छोटा स्क्रू ड्रायव्हरच यायचा! पुढच्याच वर्षी ‘३ प्लस’ आला, मागचा कॅमेरा १२ ऐवजी ४८ मेगापिक्सेलचा. ज्यांच्याकडे आधीचा ३ होता, त्यांना फक्त नवे कॅमेरे घेऊन त्याच फोनमध्ये बसवता आले. मला यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. दुरुस्ती आपल्याकडे गल्लोगल्ली होते. पण विकून झालेली वस्तू कंपनीनेच आणखी चांगली करून देणं विरळा.

अपरिग्रहाशी याचा संबंध जोडता येईल, पण मी बी.कॉम.वाली, मला आधी घसारा दिसतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आतला बोर्ड त्याहून कितीतरी जास्त चालतो. बॅटरीच्या आयुष्यावर अख्ख्या फोनचा हिशेब बंद केला, तर बोर्डाचे पैसे बुडीत खाती गेले.

अर्थात भाग सुटा असून भागत नाही, तो मिळायलाही हवा. फेअरफोनलाच २०१७ मध्ये आपल्या पहिल्या फोनचे भाग पुरवणं थांबवावं लागलं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटरीचा कायदा केला, त्यात हे दोन्ही आलं: फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, आणि ते मॉडेल बाजारात येणं थांबल्यावरही बॅटरी निदान ५ वर्षं मिळाली पाहिजे. आपण दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल एवढंच विचारतो. याचे भाग किती वर्षं मिळतील, हेही विचारून पाहा. दुकानदार जरा गोंधळेल, गोंधळू दे.