प्रपंचातील भक्ती : औरंगाबाद जिल्ह्यातील कॅथलिक श्रद्धाजीवनाचा ऐतिहासिक वेध

प्रस्तावना :

मराठवाड्यातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास बहुधा मिशनऱ्यांचे आगमन, चर्चच्या इमारती, शाळा आणि बाप्तिस्म्यांची संख्या या क्रमाने लिहिला जातो. अशा मांडणीत धर्मांतर ही एका दिवसाची घटना ठरते आणि पुढील पिढ्यांनी ती श्रद्धा कशी टिकविली, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. या प्रश्नाचे उत्तर घराघरांतील लहानसहान कृतींत शोधावे लागते, हे दर्शविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वैचारिक पार्श्वभूमी :

संत फ्रान्सिस दि सेल्स (१५६७–१६२२) हे १६०२ मध्ये जिनिव्हाचे बिशप झाले. मात्र त्यांचे वास्तव्य सॅव्हॉय प्रांतातील आन्सी येथे होते. एका विवाहित स्त्रीला लिहिलेल्या पत्रांतून त्यांचा भक्तिजीवनावरील ग्रंथ सिद्ध झाला व १६०९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. भक्ती ही केवळ मठवासीयांची मिरासदारी नसून सैनिक, कारागीर व गृहिणी यांनाही ती आपापल्या स्थितीत साधते, असे त्यांनी प्रतिपादन केले. डोकेदुखी, सर्दी, पतिपत्नींतील कुरबूर, फुटलेला पेला अशा क्षुल्लक प्रसंगांतील सोशिकताही ईश्वराला अर्पण करता येते, ही त्यांची शिकवण होय.

याच संतांच्या नावाने पीटर मेरमिए यांनी १८३८ मध्ये आन्सी येथे मिशनरी संघ स्थापन केला. त्याचे धर्मगुरू १८४५ मध्ये भारतात आले आणि १८९२ च्या सुमारास निजामाच्या राज्यातील वैजापूर भागात, घोगरगाव येथे पोहोचले. मराठवाड्याच्या भूमीला हा विचार परका नव्हता. तेरचे गोरोबा कुंभार मडकी घडविताना आणि गंगाखेडच्या जनाबाई दळण-कांडण करताना भक्ती करीत, अशीच लोकांची धारणा होती. पैठणचे संत एकनाथ हे तर गृहस्थाश्रमी संत होत.

श्रद्धेचे दैनंदिन स्वरूप :

नवख्रिस्ती कुटुंबे प्रामुख्याने गावकुसाबाहेरील समाजांतील, मजुरीवर जगणारी होती. एका धर्मगुरूकडे अनेक खेडी असत. त्यामुळे मिस्सा नित्याची नसे. दोन भेटींमधील काळ धर्मशिक्षक आणि कुटुंब यांनाच सांभाळावा लागे. जेवणापूर्वी क्रुसाची खूण, सायंकाळी जपमाळेची प्रार्थना, शुक्रवारी मांसाहार वर्ज्य, उपवासकाळातील संयम, आजाऱ्याजवळ बसून केलेली प्रार्थना या कृतींना पुरोहिताची आवश्यकता नव्हती. मरणासन्न बालकाला सामान्य माणसानेही बाप्तिस्मा देण्याची मुभा चर्चच्या नियमांत आहे. जपमाळेला तर अक्षरओळखही लागत नाही. म्हणूनच घरातील निरक्षर स्त्रीही मुलांची पहिली धर्मशिक्षिका होऊ शकत होती. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा मराठीतून होऊ लागली, तेव्हा घरातील प्रार्थनेची भाषा वेदीवरही आली. १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत अस्तित्वात आला.

श्रद्धेचे मोल :

येथे एक आक्षेप विचारात घेणे क्रमप्राप्त आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अवहेलना आली, त्यांना सोशिकता शिकविणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सहन करण्यास सांगणे नव्हे काय? हा धोका नाकारता येणार नाही. तथापि, सद्गुण म्हणून स्वीकारलेली सोशिकता आणि भीतीपोटी पत्करलेले मौन यांत भेद आहे, याचा पुरावा एका कागदी कृतीत सापडतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. परिणामी शाळेत मुलाचे नाव घालताना धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिणे म्हणजे अनुसूचित जातीच्या सवलतींवर पाणी सोडणे ठरले. गावाने मात्र जुनी जात विसरण्याचे सौजन्य क्वचितच दाखविले. एका शब्दाची ही नोंद कोणत्याही भव्य धर्मविधीपेक्षा महाग होती. ज्या कुटुंबांनी ती केली, त्यांची श्रद्धा केवळ लाभापोटी होती, हा प्रचलित आरोप या वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. ज्यांनी मुलांच्या भवितव्यासाठी निराळी नोंद केली, त्यांना अश्रद्ध ठरविणेही तितकेच अन्यायाचे होईल. घरात सायंकाळची माळ चालू ठेवून कागदावर मौन पाळणे हाही त्याच इतिहासाचा भाग होय.

समारोप :

आजच्या छत्रपती संभाजीनगर परिसरातील कॅथलिक समाजाचा इतिहास केवळ मिशनऱ्यांच्या कर्तृत्वातून उलगडत नाही. आन्सीहून आलेल्या धर्मगुरूंनी श्रद्धेचे बीज पेरले. ते जगविले घोगरगावसारख्या खेड्यांतील प्रापंचिक माणसांनी. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीबरोबरच शाळेचे दाखले व वृद्धांच्या आठवणी ही साधने अभ्यासली गेली, तरच हा इतिहास पूर्णत्वास जाईल. साक्षीदारांची पिढी झपाट्याने ओसरत असल्याने हे कार्य तातडीचे आहे.