लिव्हरपूलच्या विटा : बीटल्सचे गाव पाडले कोणी, उभारले कोणी?

लिव्हरपूलमधील मॅथ्यू स्ट्रीटवर एका दारातून खाली जाणाऱ्या पायऱ्या आहेत. जगभरातून आलेले बीटल्सचे चाहते त्या उतरतात, कमानींच्या विटांवरून हात फिरवतात आणि जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार येथेच गात होते या जाणिवेने भारावून जातात. त्या विटांपैकी बऱ्याच खरोखर जुन्या आहेत. भिंती मात्र १९८४ च्या आहेत. मूळ कॅव्हर्न क्लब १९७३ मध्ये बुजवण्यात आला होता. तो का बुजवला आणि पुन्हा का उभारावा लागला, त्याविषयी हा धागा.

मूळचे तळघर एका गोदामाखालचे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या वेळी लोक तेथे आसरा घेत. जानेवारी १९५७ मध्ये तेथे क्लब सुरू झाला तो जॅझचा. रॉक अँड रोलला मालकांचा विरोधच होता. बीटल्स या नावाने ही मुले तेथे प्रथम वाजवू लागली फेब्रुवारी १९६१ मध्ये, तेही दुपारी, जवळच्या कचेऱ्यांतील तरुण कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. ऑगस्ट १९६३ पर्यंत त्यांचे अडीचशेहून अधिक कार्यक्रम झाले. नंतर ते तेथे कधीच वाजवायला आले नाहीत. तळघरात हवा खेळत नसे, भिंतींवरून पाणी ओघळे, सांडपाण्याची धड सोय नव्हती. १९६६ मध्ये क्लब कर्जापायी बंद पडला आणि त्याच वर्षी पुन्हा उघडला, तेव्हा उद्घाटनाला पंतप्रधान हॅरल्ड विल्सन आले होते. (त्यांचा मतदारसंघ शेजारीच होता, हेही लक्षात असू द्यावे.)

पंतप्रधानांच्या हस्ते उघडलेली ही वास्तू पुढची सात वर्षेच टिकली. शहराखालून जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गासाठी तेथे वायुवीजनाचा झरोका हवा होता. इमारत पाडली गेली आणि तळघर राडारोड्याने भरले. झरोका त्या जागी कधी झालाच नाही. पुढे कित्येक वर्षे तेथे मोटारी उभ्या राहत.

याला केवळ अरसिकता म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९३१ मध्ये लिव्हरपूलची लोकसंख्या साडेआठ लाख होती. १९८१ पर्यंत ती पाच लाखांच्या आसपास आली. मालवाहतूक कंटेनरमधून होऊ लागल्यावर जुन्या गोद्यांना आणि त्यांतील मजुरांना काम उरले नाही. प्रसिद्ध अल्बर्ट डॉक १९७२ मध्ये बंद झाला. ज्या शहराची रोजीरोटीच हातची जात होती, त्याला दहा वर्षांपूर्वीची गाणी म्हणजे इतिहास वाटावा, ही अपेक्षा जरा जास्तच. शिवाय ती चार मुले केव्हाच लंडनला निघून गेली होती, ही रुखरुख लिव्हरपूलकरांच्या मनात होतीच.

८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये लेननची हत्या झाली. पुढच्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या टॉक्सटेथ भागात दंगली उसळल्या आणि शहराच्या दैन्याकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले. शहराला जगवायचे कशावर, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा नव्हता आणि पर्यटन हे त्याचे एक उत्तर होते. कॅव्हर्नच्या जागी उत्खनन झाले, पण मूळ कमानी वाचवण्यापलीकडे गेल्या होत्या. मग निघालेल्या विटा वापरून, मूळ जागेचा मोठा भाग व्यापणारे नवे तळघर बांधले गेले. अल्बर्ट डॉकही नव्याने सजला आणि १९९० मध्ये तेथे बीटल्सचे संग्रहालय उघडले. चाहत्यांची पावले आधीपासून येतच होती. शहराने ती मोजायला उशिरा सुरुवात केली.

घरांची कथा याहून बोलकी आहे. २०, फोर्थलिन रोड हे नगरपालिकेने बांधलेल्या रांगेतील एक साधे घर. मॅकार्टनी कुटुंब तेथे १९५५ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी पॉलची आई वारली. ती परिचारिका होती, सुईणीचे कामही करी. वडील जिम कापसाच्या पेढीवर विक्रेते होते. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. लिव्हरपूलचा कापूसबाजार म्हणजे मुंबईचे नशीब ठरवणारा बाजार. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तेथे अमेरिकी कापूस येईनासा झाला, हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो तितक्याच वेगाने ओसरला. वऱ्हाडचा कापूस त्या बाजारात ‘ऊमरा’ नावाने ओळखला जाई. हे अमरावतीचेच इंग्रजी तोंडी झालेले रूप. जिम मॅकार्टनींच्या काळापर्यंत ते वैभव सरले होते, आणि युद्धानंतर पेढीवर परतल्यावर त्यांची कमाई पत्नीहून कमी होती.

हे घर नॅशनल ट्रस्टने १९९५ मध्ये घेतले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. सरदार-उमरावांचे वाडे जपणाऱ्या संस्थेने भाड्याच्या घराला स्मारक मानावे? पण तो निर्णय योग्यच होता. इंग्लंडमधील सामान्य कामगार कुटुंब १९५० च्या दशकात कसे राहत होते, हे जतन करून दाखवणाऱ्या जागा तेव्हा फारच थोड्या होत्या. पॉलच्या भावाने काढलेली छायाचित्रे घर पूर्ववत सजवताना उपयोगी पडली. लेननचे बालपणीचे घर योको ओनोने २००२ मध्ये विकत घेऊन याच संस्थेला दिले. ते अधिक ऐसपैस, मध्यमवर्गीय वस्तीतले आहे. ‘कामगार वर्गाचा नायक’ ही लेननची प्रतिमा तेथील दिवाणखान्यात थोडी डळमळते.

रिंगोचे जन्मघर मात्र कोणी जपले नाही. ९, मॅड्रिन स्ट्रीट हे वेल्समधून आलेल्या कामगारांनी १९ व्या शतकात बांधलेल्या वस्तीतले. या शतकाच्या आरंभी सरकारने जुन्या वस्त्या पाडून नवी घरे बांधण्याची योजना आखली आणि येथील चारशेहून अधिक घरांवर फुली पडली. रहिवासी हलवले गेले, खिडक्या फळ्यांनी बंद झाल्या. रिंगोच्या दारावरील फळ्यांवर चाहत्यांच्या सह्या होत राहिल्या. शेजारची दारे नुसतीच कुजली. २०१२ मध्ये रिंगोचे घर धरून काही घरे वगळण्याची घोषणा झाली, आणि २०१५ मध्ये सरकारने उरलेल्यांचे पाडकामही नाकारले. मग दुरुस्ती झाली आणि गल्लीत माणसे परतली. आज तो यशाचा दाखला म्हणून सांगितला जातो. पण त्या चार भिंतींत रिंगो जेमतेम चार-पाच वर्षे होता. शेजारच्या घरांत आयुष्ये गेली होती. गल्ली वाचवण्यासाठी झगडणारे कैक होते, तरी बातमी झाली ती ढोलवादकाच्या घराचीच.

चाहत्याच्या वाटेवर पेनी लेन असतेच. या रस्त्याच्या पाट्या इतक्या चोरीस गेल्या की नाव भिंतींवर रंगवावे लागले. १८ व्या शतकात लिव्हरपूल हे गुलामव्यापाराचे ब्रिटनमधील सर्वांत मोठे बंदर होते, आणि जेम्स पेनी नावाच्या व्यापाऱ्याने त्या धंद्याच्या बाजूने संसदेपुढे साक्ष दिली होती. रस्त्याचे नाव त्याच्यावरून पडले असावे, असा समज रूढ झाला. २००६ मध्ये गुलामव्यापाऱ्यांची नावे रस्त्यांवरून पुसण्याचा प्रस्ताव आला, पण ती पेनी लेनपाशी अडली. २०२० मध्ये तेथील पाट्यांवर काळा रंग फासला गेला. त्यानंतर झालेल्या संशोधनात जेम्स पेनीशी नाते जोडणारा पुरावा सापडला नाही. पण त्या व्यापाऱ्यांची नावे मिरवणारे इतर रस्ते शहरात आहेत, आणि त्यांच्यावर कोणी गाणे लिहिलेले नाही.

वूल्टनमधील सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेच्या दिवशी, ६ जुलै १९५७ रोजी, लेनन आणि मॅकार्टनी प्रथम भेटले. चर्चच्या दफनभूमीत एका जॉन रिग्बीच्या थडग्यावर त्याच्या नातीचेही नाव कोरलेले आहे : एलेनॉर रिग्बी, टॉमस वुड्सची प्रिय पत्नी, मृत्यू १० ऑक्टोबर १९३९, वय ४४. गाण्यातील नाव येथून घेतल्याचे मॅकार्टनींना आठवत नाही. नकळत मनात राहिले असेल, असे ते म्हणतात. बीटल्सचे नावही न ऐकता गेलेल्या या बाईच्या दगडापाशी अनोळखी माणसे फुले ठेवून जातात.