स्थिर चेंडू आणि शब्द : गोल्फच्या शिकवणीचा इतिहास

गोल्फ हा खेळ आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा नसावा. असलाच तर तो दूरदर्शनच्या पडद्यावरून किंवा पी. जी. वुडहाऊसच्या कथांमधून. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, खेळ कसा खेळावा हे सांगणाऱ्या लेखनाची जी रास ह्या एका खेळाभोवती साचली आहे, तशी फार थोड्या खेळांच्या वाट्याला आली असेल. ह्या लेखनाकडे बारकाईने पाहू लागलो की एक प्रश्न समोर येतो, आणि तो केवळ क्रीडेचा राहत नाही. देहाने कमावलेले ज्ञान शब्दांत कोण उतरवतो, आणि उतरवल्यानंतर ते कोणाच्या नावावर जमा होते?

आधी खेळाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावयास हवे. क्रिकेटमध्ये किंवा टेनिसमध्ये चेंडू आपल्याकडे येतो आणि विचार करण्यापूर्वीच शरीर त्याला उत्तर देते. आपल्या विटीदांडूतसुद्धा विटी आधी हवेत उडवावी लागते. गोल्फमध्ये चेंडू गवतावर निमूटपणे पडलेला असतो. नवशिका त्याच्यापाशी उभा राहतो, काठीवरची पकड तपासतो, पाय किती फाकवावेत ह्याचा अंदाज घेतो. प्रत्यक्ष फटका दोनेक सेकंदांत संपतो. परंतु त्यापूर्वी विचाराला हवा तेवढा अवकाश मिळतो. ह्याच अवकाशात शिक्षकाचे शब्द गर्दी करतात. डोके स्थिर ठेवा, डावा हात वाकवू नका, काठी आवळून धरू नका, नजर चेंडूवर ठेवा. ह्या सूचना एकेक करून पाहिल्या तर रास्त असतात, पण एकत्र आल्या की काठी चेंडूच्या मागची माती तरी उकरते किंवा नुसतीच हवेतून फिरून परत येते. पहिल्या शिकवणीचा हा अनुभव जवळजवळ सार्वत्रिक आहे. गोल्फविषयी एवढे लिहिले गेले त्याचे एक कारण चेंडूच्या ह्या स्थिरतेत आहे, असे आम्हांला वाटते.

गोल्फ कसा खेळावा ह्याविषयीची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी नोंद पुस्तकातील नाही, रोजनिशीतील आहे. टॉमस किंकेड हा एडिंबरोतील वैद्यकाचा विद्यार्थी. 1687 आणि 1688 ह्या दोन वर्षांची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. लीथच्या मैदानावर खेळून आल्यावर, फटका मारताना शरीराने नेमके काय करावे, ह्याचा तो स्वतःशीच ऊहापोह करतो. त्याला पहिली उपमा सुचते ती तलवारबाजीची. पट्टीचा तलवारबाज जसा गुडघे किंचित वाकवून, अंगाचे स्नायू ताणून उभा राहतो, तसे उभे राहावे, असे तो लिहितो. मराठीत आपण ह्याला ‘पवित्रा’ म्हणू, आणि हा शब्दही शस्त्रविद्येतून आणि आखाड्यातूनच आलेला आहे, हा योगायोग मजेशीर आहे. नवे कौशल्य समजावून घ्यायचे तर आधी अवगत असलेल्या कौशल्याची भाषा उसनी घ्यावी लागते. किंकेड पुढे जाऊन ह्या सूचना पद्यातही बांधतो. जे पाठ व्हायला हवे ते वृत्तात बसवावे, ही जाण त्याला होती. आपल्याकडील गणित-वैद्यकाच्या श्लोकबद्ध ग्रंथांशी परिचय असलेल्यांना ह्यात नवल वाटू नये.

परंतु किंकेड हा अपवाद होता. त्याच्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षे शिकवणीचे स्वतंत्र पुस्तक निघाल्याचे दिसत नाही. ह्याचा अर्थ खेळ नव्हता असा नव्हे. धनुर्विद्येच्या सरावात व्यत्यय येतो म्हणून स्कॉटलंडच्या राजसत्तेने 1457 मध्येच त्याच्यावर बंदी घातली होती. 1743 मध्ये टॉमस मॅथिसनने ह्या खेळावर एक उपहासात्मक वीरकाव्य छापले, आणि गोल्फला सर्वस्वी वाहिलेले पहिले मुद्रित पुस्तक म्हणून तेच ओळखले जाते. म्हणजे छापील रूपात गोल्फ आधी काव्यविषय झाला, पाठ्यविषय मागाहून. शिकवणीची गरजच कोणाला भासत नव्हती. सेंट अँड्र्यूज किंवा मसलबर्गसारख्या किनाऱ्यावरच्या गावात मूल चालू लागले की मोडकी काठी हातात घेई, थोरांना पाही आणि तसे करू लागे. मातृभाषेचे व्याकरण कोणी शिकवणी लावून शिकत नाही, तसेच हे होते.

ही स्थिती बदलली ती एका झाडाच्या चिकामुळे. तोवर चेंडू कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून हाताने शिवला जाई. तो महाग पडे आणि पावसात भिजला की निकामी होई. 1848 च्या सुमारास मलायाकडून येणाऱ्या गट्टापर्चाचे चेंडू वापरात आले. (भारतातून स्कॉटलंडला पाठवलेली विष्णूची मूर्ती गट्टापर्चात गुंडाळलेली होती आणि त्या वेष्टनातूनच पहिला चेंडू घडला, अशी एक आख्यायिका सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच वाचावी.) चेंडू स्वस्त झाला, टिकाऊ झाला; जोडीला रेल्वे आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेळ स्कॉटलंडची वेस ओलांडून इंग्लंडमध्ये पसरला आणि तिथे त्याला एक सर्वस्वी नवे पात्र भेटले : प्रौढ नवशिका. चाळिशीतला वकील, निवृत्त सेनाधिकारी, व्यापारी. ह्याने लहानपणी काठी कधी हातात धरलेली नाही; पण ह्याच्याजवळ पैसा आहे, फावला वेळ आहे आणि पुस्तकांवर विश्वास आहे. गोल्फची शिकवणी, आणि गोल्फचे पाठ्यपुस्तकही, मुख्यत्वे ह्या माणसासाठी जन्माला आले, असे आमचे मत आहे.

असे पहिले पुस्तक 1857 मध्ये स्कॉटलंडमधील क्युपर येथे प्रसिद्ध झाले. ‘द गोल्फर्स मॅन्युअल’ हे त्याचे नाव. लेखकाने स्वतःचे नाव न देता टोपणनाव घेतले होते. हा लेखक हेन्री ब्रूम फार्नी. तो पत्रकार होता आणि पुढे लंडनला जाऊन फ्रेंच संगीतिकांची इंग्रजी रूपांतरे करण्यात त्याने नाव मिळवले. पहिले शिक्षणपर पुस्तक लिहिणारा हा शब्दांच्या धंद्यातला माणूस होता, खेळावर पोट भरणारा नव्हे.

मग प्रत्यक्ष शिकवत कोण होते? काठ्या वाहणारे कॅडी, चेंडू शिवणारे आणि काठ्या घडवणारे कारागीर, मैदानाची निगा राखणारे माळी. ह्यांच्यातूनच पुढे ‘व्यावसायिक’ हा वर्ग तयार झाला. शिकवणीच्या तासापुरते एक विलक्षण उलटे नाते निर्माण होई. मालक हातात काठी धरून अवघडून उभा, आणि चाकर त्याला सांगतो आहे की साहेब, तुमचे कोपर चुकते आहे. तास संपला की नाते पूर्ववत. शिक्षकाला क्लबाच्या इमारतीत मानाने प्रवेश नसे. आपल्याकडे आखाड्यातल्या वस्तादाचे पाय धरले जात. इथे गुरूने शिष्याची पिशवी उचलायची, अशी रीत होती.

ह्या नात्याचे उत्तम दर्शन 1887 च्या ‘द आर्ट ऑफ गोल्फ’ ह्या पुस्तकात घडते. त्याचे लेखक सर वॉल्टर सिम्पसन. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘अ‍ॅन इनलँड व्हॉयेज’ ह्या 1878 च्या प्रवासवर्णनात त्याच्यासोबत दुसऱ्या होडीत असलेला मित्र तो हाच. सिम्पसनची शैली खट्याळ आहे. तत्त्वज्ञानातील निरपेक्ष आदेशाची परिभाषा वापरून तो बजावतो की चेंडूला मारणे एवढीच एक अट अटळ आहे, बाकी सारे गौण. शिकवणीच्या पुस्तकातच शिकवणीची अशी थट्टा करणारा हा लेखक आम्हांला मनापासून आवडतो. परंतु पुस्तकाचे खरे महत्त्व त्यातील छायाचित्रांत आहे. क्षणार्धात टिपलेल्या चित्रांच्या आधारे फटक्याच्या अवस्था दाखवणारे हे आरंभीचे पुस्तक, आणि त्या चित्रांतील देह प्रामुख्याने व्यावसायिकांचे. भाषा सरदाराची, देह चाकराचा. अशी विभागणी आपल्या परिचयाची आहे. उस्तादांच्या गळ्यातल्या बंदिशी पं. भातखंडे ह्यांनी लिपिबद्ध केल्या तेव्हा संगीताच्या विद्यार्थ्यांवर अपार उपकार झाले ह्यात शंका नाही. तरीही मुखपृष्ठावर कोणाचे नाव आले, हा प्रश्न विचारण्याजोगा राहतोच.

1896 मध्ये विली पार्क धाकटा ह्याने ‘द गेम ऑफ गोल्फ’ लिहिले. व्यावसायिक खेळाडूने लिहिलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. मागोमाग जे. एच. टेलर, जेम्स ब्रेड आणि हॅरी व्हार्डन ह्यांची पुस्तके आली. 1901 मध्ये टेलरच्या पुढाकाराने ब्रिटनमधील व्यावसायिकांनी आपली संघटना उभारली. लेखणी हाती येणे आणि संघटित होणे ह्या दोन गोष्टी पाच वर्षांच्या अंतराने घडाव्यात, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. व्हार्डन हा जर्सी बेटावरच्या माळ्याचा मुलगा, शाळा लवकर सुटलेला. ब्रिटिश ओपन ही स्पर्धा त्याने 1896 ते 1914 ह्या काळात सहा वेळा जिंकली. त्याच्या 1905 च्या ‘द कम्प्लीट गोल्फर’ने नवशिक्यांच्या एका पिढीला घडवले. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर चढवून काठी धरण्याची पद्धत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. वास्तविक जॉनी लेडली हा हौशी खेळाडू ती व्हार्डनच्या आधीपासून वापरत होता. म्हणजे इथे गणित उलटले. पकड सद्‌गृहस्थाची, आणि नाव माळ्याच्या मुलाचे. ज्याचे पुस्तक घरोघरी गेले त्याच्या नावावर पकड जमा झाली. अन्याय दोन्ही दिशांनी होऊ शकतो, आणि छापील पानाची सत्ता खालच्या पायरीवरच्या माणसालाही वापरता येते, हे ह्यातून दिसते.

सामाजिक दरवाजे उघडण्यास मात्र अधिक वेळ लागला. 1920 मध्ये अमेरिकेतील टोलेडो येथील इनव्हर्नेस क्लबाने राष्ट्रीय स्पर्धेसाठी आलेल्या व्यावसायिकांना आपली इमारत खुली केली. हे तिथे प्रथमच घडत होते, आणि वॉल्टर हेगनच्या पुढाकाराने खेळाडूंनी पुढे क्लबाला एक उंच घड्याळ कृतज्ञतेने भेट दिले.

अमेरिकेतच शिकवणीचे दोन परस्परविरोधी आदर्श ठळक झाले. बॉबी जोन्सने बालपणी रीतसर शिकवणी घेतली नाही. अटलांटाच्या ईस्ट लेक मैदानावर स्टुअर्ट मेडन नावाचा कार्नुस्टीहून आलेला शिक्षक होता. लहानगा जोन्स त्याच्या मागेमागे हिंडे आणि त्याची नक्कल करी. पुढे हार्वर्डमधून इंग्रजी साहित्याची पदवी घेतलेल्या ह्याच जोन्सने 1931 मध्ये वॉर्नर ब्रदर्ससाठी शिकवणीचे बारा लघुपट केले. स्वतः जे नुसते पाहून शिकले ते इतरांना शब्दांत समजावून देण्याची वेळ त्याच्यावर आली. आणि तेही चित्रपटात, म्हणजे पुन्हा पाहण्याच्याच माध्यमात.

अर्नेस्ट जोन्स ह्या इंग्लिश शिक्षकाची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. फटक्याचे बळ पायांतून आणि कमरेच्या पिळातून येते, असे मानण्याची प्रथा होती. एका पायावर उभा राहून जोन्स पुन्हा उत्तम खेळू लागला आणि त्या सिद्धान्ताला त्याने स्वतःच्या देहाने छेद दिला. पुढे न्यूयॉर्कमध्ये, चक्क फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या बंदिस्त खोलीत, तो शिकवणी घेई. त्याचे साधन एकच : रुमालाच्या टोकाला बांधलेला खिशातला चाकू. चाकू झुलवायचा असेल तर रुमालाला झोका द्यावा लागतो. हिसका दिला की रुमाल दुमडतो. काठीही अशीच झुलवा. सांधे, स्नायू, कोन ह्यांविषयी तो शिष्याला जवळजवळ काही सांगत नसे. 1932 ते 1934 अशी सलग तीन वर्षे अमेरिकेची महिला हौशी स्पर्धा जिंकणारी व्हर्जिनिया व्हॅन वी ही त्याची शिष्या. शेकडो सूचनांच्या जागी एक दृष्टान्त ठेवणारा हा शिक्षक आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो. वर्गात कवितेचे दहा विशेष फळ्यावर लिहून देणे आणि कविता एकदा नीट वाचून दाखवणे, ह्यांतले अंतर तो जाणत होता.

त्याच्या दुसऱ्या टोकाला बेन होगन. होगनही कॅडी म्हणूनच सुरुवात केलेला. 1957 मध्ये त्याचे ‘फाइव्ह लेसन्स’ प्रथम एका साप्ताहिकात आणि मग पुस्तकरूपाने आले. शब्दांकन हर्बर्ट वॉरन विंडचे, चित्रे अँथनी राव्हिएलीची. विंड हाही इंग्रजी साहित्याचाच विद्यार्थी. हे पुस्तक बोटाच्या पेरापर्यंतचे विश्लेषण करते. पण वाचकांच्या स्मरणात राहिले ते त्यातील एक चित्र. चेंडूपासून खेळाडूच्या खांद्यांवर टेकलेली काचेची एक मोठी तिरपी तावदानी आहे, तिच्यातून डोके बाहेर आले आहे, आणि काठी मागे नेताना त्या काचेला धक्का लागता कामा नये. किंकेडच्या तलवारीपासून जोन्सच्या रुमालापर्यंत आणि होगनच्या काचेपर्यंत, शिकवणीचे काम रूपकानेच केलेले दिसते. शास्त्रीय वर्णन त्याच्या आजूबाजूला उभे असते.

मायकल मर्फीच्या 1972 च्या ‘गोल्फ इन द किंगडम’ ह्या कादंबरीत शिक्षकाला अखेर गुरुपद मिळते. मर्फी 1956-57 मध्ये पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमात राहून आलेला. त्याचा नायक शिवास आयर्न्स स्कॉटलंडच्या एका मैदानावर शिष्याला फटक्याबरोबर चैतन्याचेही धडे देतो. कादंबरी वाचनीय आहे, तरी तिच्यातील गूढवाद आम्हांला अंमळ सैल वाटतो. ज्यांनी खरोखर शिकवले त्यांना मागच्या दाराने जावे लागले, आणि गुरू म्हणून वंदन झाले ते एका कल्पित पात्राला, ही विसंगती मर्फीच्या लक्षात आली असावी असे पुस्तकावरून दिसत नाही.

भारतात हा इतिहास वेगळ्या गतीने चालला. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना 1829 ची; ब्रिटनबाहेरचा हा सर्वांत जुना क्लब. खेळ आला तसा त्याच्यासोबत काठ्या वाहणारा वर्गही आला. 1965 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय पी. जी. सेठी हौशी खेळाडू होते. भारतीय व्यावसायिकाने ती जिंकण्यास 1991 साल उजाडावे लागले. तो विजेता अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबावर कॅडी म्हणून वाढलेला. 2008 मध्ये दिल्लीच्याच मैदानावर इंडियन मास्टर्स जिंकणाऱ्या एस. एस. पी. चौरासियाचे वडील कोलकात्याच्या त्या जुन्या क्लबात हिरवळीची निगा राखत. चौरासियाने रीतसर शिकवणी फारशी घेतली नाही. सभासद खेळत असत, आणि तो पाहत असे.